चौथा ठोका

आबा,

तुम्हांला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नव्हतं, म्हणून आपल्या दोघांत कागद असा कधी आलाच नाही. आता मला लिहिता येतं. गिरगावातल्या क्रिस्ती देवळाच्या पडवीत पाद्रीसाहेबांनी शिकवलं, तेही तुम्ही गेल्यावर. त्यामुळे माझी अक्षरं त्यांच्यासारखी ताठ येतात आणि भाषाही अर्धी त्यांचीच येते. तुमची मालवणी मला बोलता येते, पण कागदावर उतरवताना हात अडतो. पत्राच्या डोक्यावर तीर्थरूप, साष्टांग असं काय काय लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पोस्टाबाहेर चटई टाकून बसणारा कारकून सगळ्यांना तसंच लिहून द्यायचा. पण तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली, आणि काकाच्या शब्दात सांगायचं तर मी बाटलो त्याला आठ. तेव्हा कुठल्या तोंडानं लिहू? नुसतं आबा लिहिलं आहे, तेवढं चालवून घ्या.

मी लिहितो आहे ते ठिकाण आफ्रिकेत, जंगबार बेटाच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. आगबोटीनं पंधरा दिवस लागले. इथं माड आहेत, खाजण आहे, होड्या आहेत. डोळे बारीक करून बघितलं तर मालवण वाटावं असा किनारा. फक्त गोडं पाणी नाही. विहीर खणली की मचूळ पाणी लागतं, आणि त्याच्यावर गावातली पोरं वाढतात आणि पोट धरून मरतात. म्हणून आमच्या देवळानं इथं चार माणसं पाठवली, एक दवाखान्याची झोपडी आणि पावसाचं पाणी धरायला एक हौद बांधायला. तो हौद मी बांधला. परळच्या हौदाबद्दल आपण दोघं पुढं कधी बोललो नाही, बोलायला वेळच राहिला नाही, म्हणून निदान या हौदाबद्दल सांगतो.

तुमचं काम मला अजून दिसतं. भिंतीला चुना लावून झाला, घोटून झाला, दोन दिवस गेले की तुम्ही उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचा आणि त्याच्या हाडानं भिंत वाजवायचा. तीन ठोके. मग कान भिंतीकडं करून गप्प. ठक्क असा आवाज आला की चुना भिंतीला धरून आहे. ढब्ब असा आला की आतून सुटलाय, मागं पोकळी आहे. तीन ठोके भिंतीला आणि चौथा माझ्या टाळक्यावर. "आत आसा काय रे कोण?" रोज तोच विनोद. गडी हसायचे, बायका हसायच्या, मीही हसायचो. पुढं पुढं तीन ठोके झाले की चौथा पडायच्या आधीच माझी मान आपोआप खाली जायची. ही सवय माझी अजून गेली नाही. बोटीवर कुणीतरी लोखंडी दार तीनदा वाजवलं तर मी भर माणसांत मान खाली घातली, आणि आमच्यात जिला सगळे काकी म्हणतात ती म्हातारी म्हणाली, "प्रार्थना करतोयस की पैसा सापडला?"

लालबागची आपली खोली. आई गेल्यापासून चूल तुम्हीच पेटवायचा. भात, आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, तोही तुम्ही दोन बोटांनी उलटायचा, कारण चुन्यानं तुमच्या बोटांना चटका कळेनासा झाला होता. जेवण झालं की तुम्ही हात पुढं करून बसायचा आणि मी खोबरेल चोळायचो. तळव्यांना भेगा होत्या आणि भेगांत चुना बसून पांढऱ्या रेघा उमटलेल्या. मी विचारलं होतं, दुखत नाय काय? तुम्ही म्हणालात, "हात खाल्ले चुन्यान. पण भिंतीन माका कधी खोटो पाडूक नाय." मला तेव्हा ते नुसतं मोठ्या माणसाचं बोलणं वाटलं. मला ट्रामच्या घोड्यांमागं धावायचं होतं, गोदीवर जायचं होतं, बोटी बघायच्या होत्या. एका जागी बसून चुना मुरायची वाट बघत बसणं हे मला काम वाटतच नव्हतं.

आणि तुमचं सगळं काम म्हणजे वाट बघणं. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, तो उकळून शांत झाला की खड्ड्यात मुरत ठेवायचा. महिना, दोन महिने, कधी सबंध पावसाळा. किती दिवस असं कुणी विचारलं की तुम्ही झाकण काढायचा. खड्ड्यातून चिमूटभर चुना काढून अंगठ्याच्या नखावर घासायचा. लोण्यासारखा लागला तर झाला. बारीकसा खडा लागला तर झाकण परत घालायचं. तो खडा म्हणजे न विझलेली कळी. ती भिंतीत जाऊन मग पाणी पिते, फुगते, आणि आतून भिंत फोडते. खोताच्या वाडीतल्या त्या लाकडी घराच्या मागची न्हाणी आपण बांधत होतो तेव्हा तुम्ही मला हे पहिल्यांदा माझ्या नखावर दाखवलंत, आणि त्याच दिवशी भिंत सरळ आहे का बघायचा कमरेचा पितळेचा ओळंबा सोडून माझ्या हातात दिलात. म्हणालात, दोरी नवी घाल. मी तो ओळंबा इथं घेऊन आलो आहे. दोरी चारदा बदलली.

परळचा हौद. एका शेटच्या वाडीतला, विहिरीइतका मोठा. आठवून लिहितो, पण मला ते झालेलं वाटत नाही, चाललेलं वाटतं. वैशाखाचं ऊन आहे. तुम्ही गिरगावात दुसऱ्या कामावर आहात आणि इथला चुना माझ्यावर सोपवला आहे. मी सोळा वर्षांचा आहे, मिशी फुटते आहे. चुना नखावर घासतो. खडा लागतो. मी अजून एकदा घासतो, जोर कमी करून, आणि खडा लागला नाही असं ठरवतो. गड्यांना सांगतो, लावा. चार दिवसांत हौद पांढराशुभ्र. तुम्ही येता, उतरता, बोट दुमडता. ढब्ब. दोन हात पुढं जाता. ढब्ब. सगळा हौद तसाच. वर शेटचा मुनीम, गडी, चुना कुटणाऱ्या बायका कडेला उभ्या. तुम्ही हातोडा उचलता आणि दांडा माझ्याकडं करता.

"फोड."

"एवढा सगळा?"

"एवढो सगळो. चुनो मुरलो नाय ता तुका नखाक लागला नाय?"

"घाई होती."

"घाई तुका आसा. हौदाक नाय."

त्या दिवशी चौथा ठोका पडला नाही. तो पडला असता तर मी कदाचित हातोडा घेतला असता. बायका वरून बघत होत्या, त्यातली एक हसली, किंवा मला तसं वाटलं. मी म्हणालो, "तुम्हीच फोडा." आणि शिडी चढून निघून गेलो. मागं वळून बघितलं नाही. वडाळ्याच्या मिठागरावर अकरा दिवस मीठ ओढलं, पाय मिठानं फाटले, तरी परत यायचं नाही असं ठरवलं होतं. बाराव्या दिवशी भूक म्हणा, तुमची आठवण म्हणा, लालबागला आलो. चाळीच्या पायरीवर काका बसला होता. त्याचं डोकं गुळगुळीत भादरलेलं. मी त्याच्याकडं बघत उभा राहिलो आणि कुणी काही सांगायच्या आधी मला कळलं. काका म्हणाला, "इलंस? आता कोणाक बघूक?"

सगळं मग तुकड्यातुकड्यानं कळलं. तुम्ही हौद एकट्यानं फोडलात, तीन दिवस, उन्हात. गडी घ्या म्हणून मुनीम म्हणाला तर म्हणालात, माझ्या पोराचं काम आहे, मी निस्तरतो. मग ताप आला. अग्नी काकानं दिला. पाणी काकानं दिलं. पुढच्या वर्षी मी गिरगावच्या देवळाची भिंत दुरुस्त करायला गेलो तो तिथलाच झालो. पाद्रीसाहेब बोलायचे ते ऐकावंसं वाटलं. आपल्याला माफी आहे असं मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी काका फाटकापर्यंत आला आणि आत न येता म्हणाला, "आता बापाशीक ओंजळभर पाणी देऊचोय तुका अधिकार नाय." त्याला ओरडताही आलं असतं, पण तो हळू बोलला. तुमच्या वर्षश्राद्धाला मी देवळात गुडघ्यावर बसलो होतो आणि मला प्रार्थनेतलं काहीएक ऐकू येत नव्हतं. खांबाचा गिलावा ठक्क आहे की ढब्ब एवढंच मनात होतं.

तर गेल्या वर्षी एका रविवारी पाद्रीसाहेबांनी विचारलं, ज्यांच्या हातात काही कसब आहे त्यांतले कोण समुद्रापलीकडं एक वर्ष सेवा देतील? पगार नाही. सगळे जमिनीकडं बघू लागले. मी हात वर केला. सेवेसाठी केला असं मी सांगतो, पण मला मुंबईत राहवत नव्हतं. ज्या रस्त्यानं जावं तिथं तुम्ही लावलेली एखादी भिंत होती. दुसरी आमची काकी, म्हातारी विधवा, सुईणीचं आणि औषधपाण्याचं काम करणारी. मूळची गिरगावातल्याच चांगल्या हिंदू घरातली. तिसरे स्वतः पाद्रीसाहेब. सुतार मात्र आमच्या देवळात मिळाला नाही, म्हणून खोताच्या वाडीतला एक आला. तो रोमन कॅथलिकांच्या जुन्या मोठ्या चर्चचा, आमच्या देवळाला देऊळच न मानणारा. "तुमच्या देवलात मेनबत्ती नाय, मूर्ती नाय," तो बोटीवर म्हणाला, "मंग देवाला कलतं कसं, तुमी आलाव ते?" पाद्रीसाहेब हसले. ते चांगले आहेत, आबा. तुम्हांला आवडले असते. बोलतात मात्र पोथीसारखं.

आम्ही पौषात इथं उतरलो. मी बेत केला होता: मृगाला पाच महिने आहेत, दोन महिने खणायला, तेवढ्यात चुना मुरेल, वैशाखात गिलावा, आणि पहिला पाऊस हौदात. गिरगावात बसून सगळ्यांनी असाच बेत केला होता, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा. पाऊस म्हणजे ज्येष्ठ, याच्यापलीकडं कुणाच्या मनात आलं नाही. इथल्या समुद्रातल्या पोवळ्याचा दगड जाळून कळी केली, ती विझवून खड्ड्यात घातली, आणि मग बंदरावरच्या कच्छी दुकानदाराकडं मी गूळ आणायला गेलो. त्यानं विचारलं, हौद कधी भरणार? मी म्हटलं, पावसाळ्यात. तो म्हणाला, म्हणजे पुढच्या महिन्यात? मला वाटलं थट्टा करतो. तो म्हणाला, "अरे भाई, इधर चैत में बारिश आता है. फिर दिवाली तक कुछ नहीं." मी गुळाची ढेप खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिलो. चार शहाणी माणसं समुद्र ओलांडून पाण्याचा हौद बांधायला आली आणि पाऊस कधी येतो हे एकानंही विचारलं नव्हतं.

सुतारानं हे ऐकून ढेपेचा एक खडा तोंडात टाकला. "मंग हा आता खायाला हरकत नाय." चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात हे पाद्रीसाहेबांना आधी पटेना, त्यांना वाटलं मी खड्ड्याला नैवेद्य दाखवतो आहे. "हे मिष्टान्न भिंतीस कशासाठी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भिंत चिवट होते. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं, आणि त्यानंतर कधी विचारलं नाही.

चुना खड्ड्यात पडून अठरा दिवस झाले होते, हौदाचं खणणं घाईनं उरकलं होतं, तेव्हा पाद्रीसाहेब चुन्याच्या खड्ड्याच्या कडेशी आले. आकाशात ढग नव्हते, पण वारा फिरला होता. आदल्या दिवशी काकीच्या मांडीवर एक मूल गेलं होतं, पाण्याच्याच रोगानं. त्यांनी विचारलं, "चुना सिद्ध आहे का?" मी चिमूट काढली. अंगठ्याच्या नखावर घासली. खडा लागला, आबा. परळला लागला होता तसाच. मी म्हटलं, आहे.

त्या मुलासाठी म्हटलं, असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो. खरं तसं नाही. मला कुणीतरी विचारत होतं आणि मला हो म्हणायचं होतं, एवढंच.

आम्ही सात दिवसांत हौद लावला. गावातल्या बायका तळ कुटायला आल्या, लाकडी थोपटण्या घेऊन, त्यांची आपली गाणी म्हणत. आपल्याकडं बायका गच्ची कुटताना गातात तशीच चाल, शब्द वेगळे. सुतार वरून छपराच्या पन्हळी बसवत होता. भिंती अशा पांढऱ्या झाल्या की दुपारी आत बघवेना. आठव्या दिवशी भर दुपारी, सगळे आडवे झाले असताना, मी एकटा आत उतरलो. बोट दुमडलं. वाजवायला हिंमत होईना, तरी वाजवलं. एक. दोन. तीन. ढब्ब, ढब्ब, ढब्ब. आणि मग चौथा ठोका आला.

मी वाजवला नव्हता. माझा हात खाली होता. तो भिंतीतून आला, पलीकडून, जिथं मातीशिवाय काही नाही. चुन्यातली एखादी कळी फुटली असेल. फुटते तेव्हा आवाज होतो हे मला माहीत आहे. पण तो बोटाच्या हाडाचा आवाज होता. माझी मान खाली गेली आणि मी तसाच उभा राहिलो, टाळक्यावर काही पडेल म्हणून. काही पडलं नाही. मी विचारलं, "आत आसा काय कोण?" हौदात आवाज घुमतो. माझंच विचारणं तुमच्या आवाजात परत आलं.

वर आलो तो सुतार जागा होता. त्यानं माझं तोंड बघितलं आणि कपाळाला, छातीला हात लावून खूण केली. मी सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या चर्चात असं झालं त मेनबत्ती लावतात. तुमच्यात काय करतात?"

"काही करत नाहीत."

"मंग बापाला सांगतोस काय तरी?"

"तो गेला."

"ते कललं रे. गेल्यालाच सांगतोस काय तरी, असा विचारतंय."

मी पाद्रीसाहेबांकडं गेलो. ते गिरगावला पत्र लिहीत होते, हौद पुरा झाला म्हणून. मी उभ्या उभ्या सांगितलं: चुना मुरला नव्हता, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, सगळा फोडावा लागेल. त्यांनी लेखणी पुसून ठेवली. मला वाटलं, आता तरी कुणीतरी मला म्हणेल, फोड. ते उठले, कोट काढला, खुंटीला लावला आणि म्हणाले, "कोठे फोडावयाचे ते मला दाखवा."

आबा, ते हौदात उतरले. त्यांच्या मागून सुतार उतरला, शिव्या देत. काकी खाली येऊ शकत नव्हती म्हणून काठावर बसून टोपल्या ओढायला लागली. तळ कुटणाऱ्या बायका आल्या; त्यांना कसं सांगायचं मला कळेना, तर त्यांतल्या एकीनं भिंत स्वतःच वाजवून बघितली, तोंडानं च्‌ केलं, आणि पहार उचलली. इतक्या हातांनी सगळं दीड दिवसात फुटलं. मी मध्ये उभा राहून बघत होतो. परळला गडी होते, बायका होत्या, मुनीम होता, आणि तरी तुम्ही एकटे होतात, कारण तुम्ही एकाच माणसापुढं हातोडा धरला होता आणि तो निघून गेला होता. ते इथं मला पहिल्यांदा दिसलं. नऊ वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलंत. तुम्ही मला शेजारी उभं राहायला बोलावत होतात.

खड्ड्यात उरलेला चुना तोपर्यंत जरा अजून मुरला होता, पण पुरता नाही. मग तुम्ही शेवटच्या हाताला गाळायचा तसा तो गाळून घ्यायचं मी ठरवलं. चुन्याचं दूध करून कापडातून गाळायचं. खडा वर राहतो. एवढं घट्ट विणीचं कापड इथं कुठून आणायचं? काकीनं पेटीतून आपलं धुवट पांढरं लुगडं काढलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "विधवेचं लुगडं रे ते. चुन्याचा डाग पडला तरी कळणार कुणाला?" चार जणांनी चार टोकं धरली. एक टोक पाद्रीसाहेबांनी. नखावर घासून मी प्रत्येक घमेलं बघितलं, आणि खडा लागला की घमेलं ओतून परत गाळायला लावलं. सुतार म्हणाला, "बापासारखा बोलाया लागलास." त्यानं तुम्हांला पाहिलेलं नाही.

खालून वर लावत गेलो. छातीइतकी उंची झाली आणि पाऊस आला. वरचा भाग उघडाच राहिला. काय करणार? पाणी पन्हळीतून आत पडत होतं आणि आम्ही छपराखाली बसून नुसतं बघत होतो. दोन दिवसांनी उघडीप पडली. मी शिडीवरून कोळशानं पाण्याच्या रेषेवर खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवर. तिसऱ्या दिवशीही खुणेवर. चौथ्या दिवशी पाद्रीसाहेब बघायला आले तर मी नुसतं बोट दाखवलं. छातीभर पाणी, आबा. दिवाळीपर्यंत पुरेल, जपून वापरलं तर. वरची बाजू पावसानंतर सावकाश लावली, मुरलेल्या चुन्यानं.

तुमचा रिवाज होता, हौद बांधणारानं पहिलं पाणी प्यायचं. खोटा असेल तर आधी त्याच्या पोटात जावा. मी पाद्रीसाहेबांना तेवढं मागून घेतलं. प्रार्थना झाली, पोहरा वर आला, सगळं गाव उभं होतं. मी ओंजळ भरली. पाण्याला चुन्याचा वास होता, तुमच्या हातांना यायचा तो. अर्धं प्यालो. उरलेलं ओंजळीत होतं आणि मी कधी वळलो मला कळलं नाही, दक्षिणेकडं वळलो होतो. बोटं आपोआप सैल झाली. तेवढ्यात काकी माझ्या आणि पाद्रीसाहेबांच्या मध्ये येऊन उभी राहिली, पदर सारखा करत, आणि मोठ्यानं म्हणाली, "चला, आता पोरांना द्या आधी." माझ्याकडं तिनं बघितलं नाही. ते पाणी तुमच्यापर्यंत आलं की मातीत गेलं, मला माहीत नाही. मला तसा अधिकार नाही, हे काकानं सांगितलेलं मी विसरलो नव्हतो.

हे पत्र मी बोटीवर देणार नाही. कुणाच्या नावानं देणार? ओळंब्याच्या थैलीत ठेवतो. पण एक गोष्ट राहिली, ती तुमच्यासारख्या मिस्त्रीला सांगायला लाज वाटते. भरलेल्या हौदाची भिंत वाजत नाही. पाणी आवाज गिळतं. हौद भरल्यावर मी चारी बाजूंनी वाजवून बघितलं, कुणी उत्तर दिलं नाही. आणि हौद फोडत होतो तेव्हा अगदी वर, शिडीच्या पहिल्या पायरीशी, जिथं पाणी कधी पोचणार नाही, तिथला तळहाताएवढा गिलावा मी फोडला नव्हता. पाद्रीसाहेब त्याच्याजवळ हातोडा घेऊन आले तेव्हा म्हटलं, हा चांगला आहे, राहू दे. तो चांगला नाही. आतून सुटलेला आहे. पुढं नवा चुना लावताना मी त्याच्या कडेकडेनं लावला. दुपारी सगळे आडवे झाले की मी तिथं जातो, बोट दुमडून तीनदा वाजवतो, आणि मान जराशी खाली करून उभा राहतो.